नारीनमधला चाळण्यांचा दुष्काळ

अनारकानच्या दाराशी बारा महिने कोणी ना कोणी चाळणी मागायला उभं. पिठाची चाळणी. आमच्या नारीनमध्ये घरटी दोन-दोन चाळण्या भिंतीला टांगलेल्या असतात, तरी गुरांचा डॉक्टर, शाळेची मुख्याध्यापिका, पोस्टातले कारकून, सगळ्यांचं घोडं अनारकानच्या चाळणीपाशीच अडायचं. ताईला आम्ही एजे म्हणतो. "एजे, जरा चाळणी मिळेल का?" असं रस्त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं विचारायचं, मागं वळून कोणी बघत नाही ना ते बघायचं, आणि सुळकन आत.

आत शेगडीजवळच्या गादीवर अनारकानची सासू बसलेली असायची. बुबुसारा आपा. गुडघे गेलेले, पण कान आणि जीभ शाबूत.

"ह्या गावाला झालंय तरी काय?" ती म्हणायची. "आमच्या वेळी लोक घोडा उसना मागायचे. आता चाळणी! आणि नेतात रिकामे हात, आणतात लोणी. चाळणी कुठं दिसतच नाही मला येता-जाता."

"आपा, तुम्ही चहा घ्या," अनारकान म्हणायची.

खरी गोष्ट अशी, की अनारकान बोलणं विकायची. आमच्याकडे तोयची मेजवानी म्हटली, की नुसतं जेवून उठता येत नाही. लग्न असो, पोराची सुंता असो, कोणाची सत्तरी असो, नाहीतर नवीन ट्रॅक्टर घेतलेला असो. समारंभ चालवणारा तामादा माइक घेऊन एकेका टेबलापाशी येतो, नाव पुकारतो, आणि माणसानं उभं राहून शुभेच्छा द्यायच्या. चांगल्या, लांब, डोळ्यांत पाणी आणणाऱ्या. जो नुसतं "सुखी राहा" म्हणून बसला, त्याला लोक पुढच्या तोयपर्यंत चघळतात. आणि बोलणं कसं हवं? थेट पोटातून आलेलं. कागदावरून वाचलं तर लाज. दुसऱ्याकडून लिहून घेतलं असं कळलं तर मग बोलायलाच नको, बायकोसुद्धा ताटात हाड वाढताना विचार करेल.

त्यामुळे सगळे पोटातून बोलायचे, आणि सगळ्यांच्या पोटात अनारकान.

आधी ती गावच्या वर्तमानपत्रात होती. वाढदिवसाच्या आणि दुखवट्याच्या ओळी लिहायची. पत्र बंद पडलं, तेव्हा संपादकानं खुर्ची नेली, शिपायानं स्टोव्ह नेला, आणि अनारकानच्या वाट्याला भिंतीवरचं घड्याळ आलं. तेही बंद. मग ती घरी बसून लिहायला लागली. ह्याला शहरात स्वतंत्र लेखन म्हणतात. बुबुसारा आपा ह्याला "बसून खाणं" म्हणायची. आल्यागेल्याला सांगायची, "सून माझी गुणाची हो, पण नोकरी नाही, धंदा नाही, दिवसभर कागद काळे करते आणि तोंडातल्या तोंडात पुटपुटते. भाकरी जळते, तिकडं लक्ष नाही."

हे तिनं लग्न झाल्यापासून आजतागायत एकदाही बदललेलं नव्हतं. फक्त "गुणाची हो" हा भाग कधी कधी गाळायची.

पण काम सोपं नव्हतं हो! शिंपी जसं अंगाचं माप घेतो, तसं अनारकान तोंडाचं माप घ्यायची. गुरांचा डॉक्टर तुर्दुकुल तिसऱ्या ग्लासाला अडखळतो, म्हणून त्याची वाक्यं आखूड. मुख्याध्यापिका रोझा एजेला मध्ये कुठंतरी बोट उगारल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून तिच्यासाठी "लक्षात ठेवा, मुलांनो" असं घालावंच लागायचं, समोर सत्तरीचे म्हातारे का असेनात. आणि गिऱ्हाइकांची रीत तर विचारूच नका. "दोनच ओळी हव्यात, एजे. तुला काय, बसल्या बसल्या होईल!" आता बोला! दोन ओळींनाच जीव जातो, वीस तर धो धो वाहतात, हे सांगून सांगून तिची जीभ झिजली. वर पुन्हा, "मागच्या वेळी त्या अमक्याला दिलंस त्याच्यापेक्षा जरा भारी दे." अमक्यानं घेतलं हे तुला कोणी सांगितलं, असं तिनं विचारलं की गिऱ्हाईक लगेच छताकडे बघायला लागायचं.

मोबदला म्हणून लोणी यायचं, रुमाल यायचे, लोकरीच्या नमद्याचे जोडे यायचे. एकदा एकानं जिवंत टर्की आणून दिली. तिला कापायचा धीर कोणाला झाला नाही. ती अजून अंगणात फिरते आणि चाळणीवाल्यांच्या पोटऱ्या फोडते.

धंद्याचा एकच नियम होता. वाच्यता नाही. तोयमध्ये आपलंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना अनारकान अशी काही डोळे विस्फारायची, की बोलणाऱ्यालाही वाटावं, हे आपल्यालाच सुचलं. एकदा तर स्वतःच्याच मजकुरावर ती रडली होती. नवरा असानकुल ट्रक चालवायचा आणि मुळातच चार शब्दांचा माणूस. त्याला सगळं ठाऊक होतं, पण तो म्हणायचा, "लोणी चांगलं आहे." झाले चार शब्द. एक कमीच.

आता दुसरी गोष्ट. आमच्याकडे सुनेनं सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव घ्यायचं नसतं. नुसतं नावच नाही, नावात जो शब्द असेल तोही नाही. आजकालच्या पोरी कुठं पाळतात म्हणा, पण बुबुसारा आपाच्या घरात पाळलं नसतं तर तिनं कढईच डोक्यात घातली असती. आणि अनारकानचं नशीब बघा! सासऱ्याचं नाव कोयचुमान. आणि कोय म्हणजे मेंढरू. नारीनमध्ये राहायचं आणि मेंढरू म्हणायचं नाही! सकाळी दार उघडलं की समोर मेंढरं, ताटात मेंढरू, अंगात मेंढराची लोकर. तर अनारकान मेंढरांना "बें-बेंवाली" म्हणायची, आणि सासऱ्याला "वरच्या अंगणातले मोठे". सासरे जाऊन बरीच वर्षं झाली, पण ते तोंडात इतकं बसलं होतं, की ती कसायाकडेही "बें-बेंवालीची मांडी द्या" असंच म्हणायची.

तर काय झालं, तिच्या मुलाचं लग्न ठरलं. एल्दियारचं. मुलगी बेगायिम, तलावाकडची. आणि नारीनमध्ये चाळण्यांचा असा दुष्काळ पडला म्हणता, की अंगणात टर्कीला उसंत मिळेना.

"पोरी, चाळणी हवी होती," तुर्दुकुल आत येऊन कुजबुजला. "तुझ्याच मुलाच्या लग्नासाठी. म्हणजे तुझ्याबद्दल पण दोन शब्द लागतील. चांगली बाई, वगैरे. ते तूच बघ."

"मीच माझी स्तुती लिहू?"

"मग मी लिहू? मला बैलाच्या पलीकडं काही लिहिता येत नाही."

रोझा एजे आली. पोस्टातले दोघं आले, वेगवेगळ्या दारांनी. आणि एका दुपारी चक्क मुलीचा मामा आला, तलावावरून गाडी हाकत. झार्किनबेक, कुस्तीचा वस्ताद, दाराच्या चौकटीत आडवा होऊन शिरणारा गडी. टर्कीनं त्याला एकदा नीट बघितलं आणि बाजूला झाली.

"विहीणबाई," तो लाजून म्हणाला, "ऐकलंय की तुमच्याकडे... म्हणजे... चाळणी..."

अनारकाननं कपाळाला हात लावला. मुलीकडचं भाषणही मुलाच्या आईनंच लिहायचं! बरं, नाही म्हणावं तर सोयरीक नवीन. शिवाय नाही म्हणणं तिला धंद्यात कधी जमलंच नव्हतं. बंद घड्याळाखाली बसून तिनं सगळ्यांचं लिहिलं. एकाला म्हणी घातल्या, एकाला यमक, एकाला मधेच हुंदका. एकाचं दुसऱ्याला लागू नये, कोणाला संशय येऊ नये, म्हणून जिवाचं रान केलं. कारण हे उघडं पडलं असतं तर गेलंच ना सगळं! लोक म्हणाले असते, मुलाच्या आईनं पाहुण्यांना स्वतःची स्तुती पढवून आणलं. आणि मग चाळणी मागायला काळं कुत्रंही फिरकलं नसतं. तिच्याकडे दुसरं काय होतं? एक बंद घड्याळ आणि एक टर्की.

एकच गोष्ट ती विसरली. बुबुसारा आपा गुडघ्यांमुळे गावातल्या तोयला कधी जायची नाही. घरी मांस यायचं, ते खायची. पण नातवाच्या लग्नाला ती येणार होती, आणि दारापासून सगळ्यांत लांबच्या, मानाच्या जागी बसणार होती. माइकच्या अगदी समोर.

हॉल माणसांनी फुलला होता. तळलेल्या बोरसोकांचे ढीग, ताटांत वाफाळलेलं मांस, तामादाचा घसा आतापासूनच बसलेला. पहिला तुर्दुकुल उठला.

"वरच्या अंगणातले मोठे आज असते," तो म्हणाला, "तर नातवाला बघून त्यांचं मन भरलं असतं. पोरांनो, तुमचा गोठा बें-बेंवाल्यांनी भरून जावो!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. गावाला ह्याची सवय होती. इतक्या वर्षांत नारीनच्या तोयमध्ये मेंढराला कोणी मेंढरू म्हटलंच नव्हतं. लोकांना वाटायचं, ही भाषणाची भारी भाषा असते.

बुबुसारा आपाचा हात मात्र बोरसोकवर थबकला. हा तुर्दुकुल तिच्या नवऱ्याबरोबर चाळीस वर्षं प्यायला होता. "ए कोयच्या, लेका" ह्यापलीकडे त्यानं त्याला कधी हाक मारली नव्हती. आपाला वाटलं, चढलेली दिसते.

मग रोझा एजे. "लक्षात ठेवा, मुलांनो," ती बोट उगारून म्हणाली, "वरच्या अंगणातल्या मोठ्यांनी आयुष्यभर बें-बेंवाल्या राखल्या, पण कधी कोणाची एक चोरली नाही." आपानं मान थोडी वळवली. मग पोस्टातले दोघं, लागोपाठ, वरचं अंगण, वरचं अंगण. आणि मग उठला झार्किनबेक. भलामोठा गडी, हातात माइक चमच्याएवढा दिसत होता. अनारकानच्या सासऱ्याला त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं.

"आमची भाची," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "वरच्या अंगणातल्या मोठ्यांच्या घरी चालली. ती इथं नांदेल, जशी आईमागं छोटीशी बें-बेंवाली..."

आणि रडला. कागदात तिथं हुंदका लिहिला होता, पण हा खरोखरच रडला.

बुबुसारा आपाची मान आता पूर्ण वळली. अनारकान चहाच्या किटल्या घेऊन टेबलांमधून चालली होती. सासूची नजर तिच्यावर पडली. सगळ्या जगात हे दोन शब्द एकाच बाईच्या तोंडात होते. ते दोघींनाही ठाऊक होतं. आता मात्र अनारकानच्या लक्षात आलं आपण काय करून बसलो ते. म्हणी बदलल्या, यमकं बदलली, हुंदका घातला, आणि सासऱ्यांचा मान मात्र प्रत्येक कागदात राखला! अगं बाई गं!

"तो माइक इकडं आण," आपा म्हणाली.

"आपा, तुमची पाळी शेवटी आहे," तामादा म्हणाला.

"शेवटपर्यंत मी जगते का नाही तुला काय माहीत? आण म्हटलं ना!"

माइक आला. अनारकानच्या हातातली किटली कोणाच्या तरी बुटावर गळत होती, बूटवालाही हलला नाही.

"तुर्दुकुल," आपा म्हणाली, "उभा राहा. माझ्या नवऱ्याला तू जन्मभर 'कोयच्या लेका' म्हणालास. आज वरच्या अंगणातले मोठे? का रे, तू माझी सून कधीपासून झालास?"

हॉल खदखदला. तुर्दुकुल लाल झाला आणि त्यानं कागदाचा खिसा हातानं दाबला. त्याबरोबर रोझा एजेनं पर्स दाबली. पोस्टातल्या दोघांनी छातीवरचे खिसे दाबले. आणि झार्किनबेकनं टोपी. त्या सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं, आणि एका क्षणात सगळ्यांना सगळं कळलं. तूपण? मग? तूपण!

अनारकाननं त्यांचे दाबलेले हात बघितले. झालं. संपलं. उद्यापासून भाकरी जाळायला भरपूर वेळ.

आपा तिच्याकडे बघत होती. म्हातारीच्या डोक्यात चाळण्या फिरत होत्या. येणारं लोणी, रिकाम्या हातानं जाणारी माणसं, पुटपुटणारी सून, करपलेली भाकरी. मग ती खाकरली.

"पण शोभलं तुम्हाला," ती म्हणाली. "आमच्या घरची रीत आहे ही. गेलेल्याचा मान राखायचा. मी म्हटलं, ही माझ्यामागं कोण पाळणार. माझी सून पाळते, एवढी वर्षं पाळतेय, मी घरात नसले तरी पाळते. तिच्याकडून तुम्ही शिकलात, बरं केलंत. ह्या गावात शिकण्यासारखं तेवढं एकच माणूस आहे." ती जरा थांबली. आपण फार बोललो असं तिला वाटलं असावं. "भाकरी मात्र जाळते. चहा कुठंय? सगळा बुटात ओतलास की काय?"

लोक उठून टाळ्या वाजवायला लागले. सगळ्यांत जोरात चाळणीवाले. कोण कोणाला हसणार? सगळ्यांचीच मूठ झाकलेली, म्हणून सगळ्यांची झाकलीच राहिली. अनारकान किटली धरून मधोमध उभी होती आणि तिला रडू फुटलं. आपल्या मजकुरावर ती पूर्वी रडली होती. दुसऱ्याच्या मजकुरावर पहिल्यांदाच.

पुढची गंमत तर ऐका. असानकुलचा मेव्हणा मायराम, सगळ्या हॉलमध्ये हा एकच प्राणी असा, की ज्यानं आपलं भाषण आपण लिहिलं होतं. तो बिचारा उठला आणि म्हणाला, "आमच्या कोयचुमानबाबांची मेंढरं..."

"शू!" चहूकडून लोक ओरडले. "मान ठेव जरा! घरची रीत आहे!"

"अहो, पण मेंढराला मेंढरू नाही तर..."

"बसा खाली!" रोझा एजे गरजली, बोट उगारून. मायराम बसला आणि त्यानंतर तोयभर कोणाशी बोलला नाही.

मांस वाटलं गेलं. आमच्याकडे कोणता तुकडा कोणाला, हे ठरलेलं असतं, आणि चुकलं तर पिढ्यान् पिढ्या लक्षात राहतं. शेपटाकडचा चरबीचा तुकडा सगळ्यांत मानाच्या बाईचा. तो आपापुढे आला. आपानं सुरी घेतली, तो मधोमध कापला आणि अर्धा अनारकानच्या ताटात टाकला.

"आपा, हा माझा नाही," अनारकान पुटपुटली.

"गप खा. सगळं गाव तुझ्या तोंडानं बोलतंय, तर तुझ्या तोंडात काहीतरी पडू दे."

असानकुलनं ते बघितलं. तो म्हणाला, "चांगला आहे तुकडा."

दुसऱ्या दिवशी सकाळी नवी सून चहा ओतत होती. बुबुसारा आपा शेगडीजवळ बसली होती, जणू काही झालंच नाही अशी.

"त्या तुर्दुकुलचं ठीक होतं," ती अचानक म्हणाली. "पोस्टवाल्यांचं पातळ. कुस्तीवाल्याचं चांगलं. रडला गडी. आणि मला का नाही दिलंस लिहून?"

"तुम्ही म्हणाला असता, बसून खाते."

"म्हणालेच असते." आपानं चहाचा घोट घेतला. "इकडं ये. बस. आता पुरे झालं ते बें-बें. तुझ्या सासऱ्याला जाऊन किती दिवस झाले. तो जिवंत असता तर हसून मेला असता. मी मोकळीक देते तुला. म्हण, कोय."

अनारकाननं तोंड उघडलं. "बें..."

"कोय!"

"आपा, नाही हो येत."

"इतक्या लोकांना बोलायला लावतेस, आणि स्वतःला दोन अक्षरं येईनात? म्हण!"

अनारकाननं डोळे मिटले. नवी सून किटली हातात धरून बघत राहिली. "कोय," अनारकान हळूच म्हणाली. मग जरा थांबून, "कोयचुमान." आणि मग आपोआप, अगदी वाऱ्यासारखं, "कोयचुमानबाबा." ती ह्या घरात आली तेव्हा त्या माणसानं तिला पहिली शाईची दौत आणून दिली होती. इतक्या वर्षांत त्याचं नाव तिच्या तोंडात पहिल्यांदाच आलं, आणि तिचे डोळे भरून आले.

"बघ," आपा म्हणाली, नाक पुसत. "छप्पर पडलं का?"

तेवढ्यात अंगणात टर्की ओरडली आणि कोणीतरी किंचाळलं. दारात झार्किनबेक उभा होता. परत जायच्या आधी आला होता, एका हातानं पोटरी धरून.

"विहीणबाई," तो म्हणाला, "जरा चाळणी... म्हणजे आमच्या गावी चुलत्याची सत्तरी आहे. काल सगळ्यांना फारच आवडलं. तर त्यात ते तुमचं बें-बें भरपूर घाला. आमच्याकडचे आता तेच मागतायत. नुसतं मेंढरू म्हटलं तर गावंढळ दिसतं, म्हणतात."

अनारकान सासूकडे बघत राहिली. आत्ता कुठं मोकळीक मिळाली होती!

बुबुसारा आपानं गुडघ्यावर हात टेकून स्वतःला जरा पुढं ओढलं आणि झार्किनबेकला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"चाळणी राहू दे भिंतीवर," ती म्हणाली. "बूट काढ, बस. आणि असं बघ, साधं मेंढरू हवं तर लोणी आण. बें-बें आमच्या घरचं आहे, त्याला अख्खं मेंढरू पडेल."